ऑपरेटरची खिडकी : हिरो उठून कॅमेऱ्यामागे जातो तेव्हा

मागच्या अंकात दादा कोंडक्यांवर दोन ओळी लिहिल्या आणि त्या माझ्या अंगाशी आल्या. ते पुढे सांगतोच. पण त्या दोन ओळींमुळे या महिन्याची बहुतेक पत्रं एकाच विषयावर आली आहेत: नट दिग्दर्शक झाला की काय होतं? तेव्हा या वेळी जुन्या थेटरांच्या आठवणी बाजूला ठेवू.

नव्या वाचकांना माझी ओळख एवढीच, की मी सिनेमातला कोणी नाही. १९७४ पासून तेहतीस वर्षं नाशकातल्या एका थेटरात आधी हेल्पर आणि मग ऑपरेटर होतो. सगळे पिक्चर मी केबिनच्या भिंतीतल्या वीतभर काचेतून पाहिले. खाली बसलेल्यांची डोकीही त्याच काचेतून दिसायची. माझी मतं समीक्षा वाचून झालेली नाहीत, त्या डोक्यांवरून झालेली आहेत.

प्रश्न : 'गोलमाल'नंतर इतकं नाव असताना अमोल पालेकर अभिनय बाजूला ठेवून दिग्दर्शनाकडे का गेले? त्यांनी स्वतःचं नुकसान करून घेतलं, असं माझं स्पष्ट मत आहे.
(निवृत्त बँक कर्मचारी, इंदिरानगर)

साहेब, तुम्ही बँकेतले, म्हणजे पालेकर तुम्हाला घरचेच वाटणार. ते खरोखरच बँक ऑफ इंडियात नोकरीला होते, आणि जे. जे.मध्ये चित्रकला शिकलेले होते. पण तुमचा प्रश्न मला उलटा वाटतो. नट म्हणून नाव झालं आणि मग दिग्दर्शनाची हौस आली, असं त्यांचं झालेलं नाही. सत्यदेव दुब्यांबरोबर ते प्रायोगिक नाटकात होते, १९७२ मध्ये त्यांनी 'अनिकेत' ही स्वतःची नाट्यसंस्था काढली. बासू चटर्जींचा 'रजनीगंधा' आला तो १९७४ मध्ये. एकीकडे पडद्यावर भोळा प्रियकर रंगवायचा आणि दुसरीकडे एलकुंचवारांचं 'वासनाकांड' बसवून सेन्सॉरशी भांडायचं, असं त्यांचं चाललं होतं. म्हणजे दिग्दर्शक आधीपासून होताच. मधली दहा-बारा वर्षं तो हिरो म्हणून आपल्याकडे राहून गेला.

ती वर्षं मात्र मी जवळून पाहिली. सतरा वर्षांचा होतो. रिळं उलटी गुंडाळायची, डबे सायकलवरून आणायचे, मशीनच्या दिव्यासाठी कार्बनच्या कांड्या लावून द्यायच्या, असली कामं. १९७६ मध्ये 'छोटी सी बात' आणि 'चितचोर' पाठोपाठ आले. संध्याकाळच्या खेळाला नाशिकरोडच्या प्रेसमधली माणसं यायची, दिवसभर नोटा नाहीतर स्टॅम्प छापून, मोजून दमलेली. बरोबर बायको, तिच्या खांद्यावर झोपलेलं पोर. आता बघा, धर्मेंद्र आला की खालची सगळी डोकी वर उठायची, शिट्ट्या पडायच्या, चिल्लर उडायची. पालेकर आले की डोकी खुर्चीच्या पाठीला टेकायची. शिट्टी नाही की आरोळी नाही. बसस्टॉपवर उभा राहून मुलीशी बोलायला कचरणारा एक माणूस पडद्यावर आहे, आणि इकडे सातशे माणसं निवांत झाली आहेत. आमचे हेडऑपरेटर म्हणायचे, "या माणसाच्या पिक्चरला निम्मे पंखे बंद ठेवले तरी कोणी बोंब मारत नाही."

मग १९८१ मध्ये 'आक्रीत' आला. दिग्दर्शक म्हणून त्यांचा पहिला सिनेमा. लिहिलेला तेंडुलकरांनी, विषय मानवतच्या खुनांचा: गुप्तधनाचा हव्यास, मूल होण्याचा हव्यास, आणि त्यापायी बळी गेलेल्या पोरीबाळी. त्यातल्या सगळ्यात काळ्या माणसाचं काम पालेकरांनी स्वतः केलं. आमच्याकडे तो फिल्म सोसायटीच्या मंडळींनी एका रविवारी सकाळी लावला होता. साठ-सत्तर माणसं असतील. काही जण 'गोलमाल'च्या भरवशावर आलेले, एक जोडपं तर पोहे-चिवड्याचा डबा घेऊन. पालेकर दिसले आणि डोकी सवयीने मागे टेकली. नंतर एकेक करून पुढे आली. मध्यंतरात त्या डबावाल्या बाई जिन्याजवळ मला भेटल्या आणि म्हणाल्या, "अहो, हा असं का करतोय?" जणू मीच त्याला सांगायला हवं होतं. डबा न उघडता तसाच घरी गेला, हे मी पाहिलं.

त्या बाईंना तेव्हा उत्तर देता आलं नाही. तुम्हाला देतो, तेही तुमच्याच भाषेत. लोकांचा आपल्या चेहऱ्यावर किती विश्वास जमा झाला आहे हे पालेकरांना पुरतं ठाऊक होतं. दिग्दर्शक पालेकरांनी ते खातं उघडलं आणि 'आक्रीत'साठी सगळी रक्कम काढून घेतली. नुकसान म्हणाल तर झालं असेल, पण चुकून झालेलं नाही.

खानोलकरांच्या 'कालाय तस्मै नमः' या नाटकावरून केलेल्या 'अनकही'त (१९८५) ते अजून पडद्यावर आहेत. याच सिनेमातल्या गाण्यासाठी भीमसेन जोशींना पार्श्वगायनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि संगीताचा जयदेवना. पुढे 'थोडासा रुमानी हो जाये'मध्ये (१९९०) मधोमध नाना पाटेकर आहेत, पालेकर कुठेच नाहीत. मग व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९९५), जी. ए. कुलकर्ण्यांची 'कैरी', र. धों. कर्व्यांवरचं 'ध्यासपर्व' (२००१). मला हे एखाद्या वाचणाऱ्या माणसाचं पुस्तकाचं कपाट वाटतं. वरच्या फळीवरचं एकेक पुस्तक काढायचं आणि त्याचा सिनेमा करायचा. हिरो म्हणून घरी बसून वाट पाहिली असती तर यातला एकही विषय कोणी त्यांच्याकडे घेऊन आला असता का?

'बनगरवाडी'ची एक आठवण आहे. आमच्याकडे नांदगावकडचा एक डोअरकीपर होता, धनगराच्या घरचा. पिक्चर कुठलाही असो, हा बाहेर बिडी ओढत बसायचा. 'बनगरवाडी'ला मात्र दाराचा पडदा हातात धरून शेवटपर्यंत उभा राहिला, आणि दुष्काळात वाडी उठून जाते तिथे पडदा सोडून बाहेर गेला. मी विचारलं, कसा वाटला? म्हणाला, "मेंढरं खरी आहेत." मी म्हटलं, मेंढरं खोटी कशी असतील? तर म्हणे, "भाड्याने आणलेली मेंढरं कॅमेऱ्याकडे बघत्यात." सिनेमाला मराठीतल्या उत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्या डोअरकीपरचं प्रमाणपत्र मी त्याच्या वर ठेवतो.

शेवटचा त्यांचा मी चालवलेला पिक्चर म्हणजे 'पहेली', २००५ चा, विजयदान देथांच्या गोष्टीवरचा. त्या वर्षी भारतातर्फे ऑस्करला तोच गेला होता. पोस्टरवर शाहरुख आणि राणी, दिग्दर्शकाचं नाव मुंगीएवढं. गोष्टीत एक भूत नवऱ्याचं रूप घेऊन त्याच्या बायकोकडे राहायला येतं. चेहरा एक, आत दोघे. चौथ्या की पाचव्या दिवशी केबिनमध्ये एकटाच होतो आणि एकदम लक्षात आलं, की याच माणसाने 'गोलमाल'मध्ये मिशी काढून-लावून एकाचे दोन केले होते. तिथे हसवलं आणि इथे त्याच गोष्टीचं दुखणं बाहेर काढलं. सव्वीस वर्षं ती मिशी त्यांच्या डोक्यात होती की नाही, ते मी कसं सांगणार. माझ्या डोक्यात होती.

प्रश्न : माझे सासरे म्हणतात, नट दिग्दर्शक झाला की चांगले चांगले शॉट सगळे स्वतःवरच घेतो. आमची पैज लागली आहे. निकाल द्या.
(एक सूनबाई, सिन्नर)

ताई, पैज कितीची ते लिहिलं नाहीत. सासरे अगदीच चुकीचं बोलत नाहीत. असे पिक्चर मी शुक्रवारी चढवले आणि पुढच्या शुक्रवारच्या आत उतरवलेही. नावं घेत नाही. त्यातल्या एकाने आमच्या पोरांना चहाला पैसे दिले होते.

पण जे टिकले त्यांच्याकडे बघा. दादा कोंडके 'पांडू हवालदार'मध्ये (१९७५) पहिल्यांदा दिग्दर्शक झाले. नाव पांडूचं, पैसा दादांचा, आणि शेजारी सखाराम हवालदार म्हणून उभा कोण केला, तर अशोक सराफ. आपल्याच पिक्चरमध्ये आपल्याला खाऊन टाकेल असा माणूस. महेश कोठाऱ्यांचंही तेच. 'राजा और रंक'मधलं ते लहान पोर मोठं झालं, वकिलीही करून आलं, आणि १९८५ मध्ये 'धूमधडाका' घेऊन उभं राहिलं. स्वतः हिरो, पण हशा वसूल करायला अशोक सराफ आणि लक्ष्या. 'झपाटलेला'त (१९९३) तर अंगावर इन्स्पेक्टरची वर्दी घेतली आणि सगळा पिक्चर रामदास पाध्यांच्या बाहुल्याला देऊन टाकला. आज लहान पोराला तात्या विंचू कोण ते सांगावं लागत नाही. इन्स्पेक्टरचं नाव विचारून बघा. (जाता जाता: यांचाच 'धडाकेबाज' हा मराठीतला पहिला सिनेमास्कोप, म्हणजे रुंद पडद्याचा पिक्चर. डब्यावर 'स्कोप' वाचून आमचे मॅनेजर म्हणाले, "मराठी पिक्चरला स्कोपची लेन्स? डबा बदलून आलाय, परत पाठव.")

सचिन पिळगावकर यांचा मात्र मला भुर्दंड बसला आहे. राजा परांजप्यांच्या 'हा माझा मार्ग एकला'मधला तो बालनट, १९८८ मध्ये 'अशी ही बनवाबनवी'चा दिग्दर्शक. आता ऑपरेटरचं काम असं असतं: दोन मशीनं शेजारी शेजारी, एकावरचं रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर एक गोल ठिपका चमकतो. आठ सेकंदं उरलेली असतात. दुसऱ्या मशीनची मोटर चालू करायची. पुन्हा ठिपका येतो, सेकंदभर आधी, आणि तेव्हा इकडची झडप बंद, तिकडची उघडी. खाली कोणाला कळतही नाही. हजारो वेळा केलेलं काम. 'बनवाबनवी'च्या तिसऱ्या आठवड्यात, रविवारचा हाऊसफुल्ल खेळ, अशोक सराफ आणि साडीतला लक्ष्या यांचं चाललेलं, आणि मी काचेला नाक लावून हसतोय. दोन्ही ठिपके येऊन गेले. पडदा पांढरा फटक. "ए ऑपरेटर, झोपला का रे!" पगारातून दहा रुपये कापले गेले.

मुद्दा असा, की मी हसत होतो ते सचिनवर नाही. तो सिनेमा आता पुन्हा बघा, आणि दिग्दर्शक कुठे उभा आहे तेवढंच शोधा. पुष्कळदा तो साडी नेसून फ्रेमच्या कडेला असतो आणि दुसऱ्यांचं ऐकत असतो. ऐकणारा नट कडेला असला की बोलणाऱ्याचा विनोद दुप्पट होतो, हे नटालाच कळतं. पुढे २०१५ मध्ये सुबोध भावे यांनी दिग्दर्शक म्हणून पहिला सिनेमा केला 'कट्यार काळजात घुसली'. स्वतःकडे सदाशिव ठेवला आणि खाँसाहेब दिले याच सचिनना. फेड झाली म्हणायची.

सासऱ्यांना सांगा, पैज निम्मी निम्मी.

प्रश्न : सगळे पुरुषच का? अभिनेत्री दिग्दर्शक होत नाहीत?
(अकरावीतली वाचक, ओझर)

होतात, आणि फार पूर्वीपासून. फातमा बेगम ही नटी १९२६ मध्ये 'बुलबुल-ए-परिस्तान'ची दिग्दर्शिका होती. शोभना समर्थांनी १९५० मध्ये 'हमारी बेटी' दिग्दर्शित केला आणि त्यात आपल्या मुलीला, नूतनला, आणलं. स्मिता तळवलकरांचा 'सवत माझी लाडकी' १९९३ चा. आमच्याकडे दुपारच्या खेळाला फक्त बायका, आणि हशा असा की केबिनमध्ये मशीनचा आवाज ऐकू येईना.

पण तुला एक साखळी सांगतो, ती मला फार आवडते. 'प्रभात'च्या 'रामशास्त्री'मध्ये (१९४४) गजानन जागीरदार स्वतः रामशास्त्री होते आणि दिग्दर्शनातही होते. म्हातारपणी त्याच जागीरदारांनी दूरदर्शनसाठी 'स्वामी' मालिका केली. पुन्हा पेशवाईच. त्यात माधवराव होते रवींद्र मंकणी आणि रमा झाली होती शाळकरी वयाची मृणाल देव, म्हणजे आताच्या मृणाल कुलकर्णी. २०१४ मध्ये मृणाल कुलकर्ण्यांनी स्वतः 'रमा माधव' दिग्दर्शित केला, तेव्हा मंकणींना नानासाहेब केलं आणि स्वतः गोपिकाबाई झाल्या. मालिकेतले नवरा-बायको सिनेमात सासू-सासरे! जिने रमाचं काम केलं तीच रमेला बोलणारी सासू झाली, आणि वर 'कट' म्हणणारीही तीच. या गोपिकाबाई पेशवाईतून मन उठल्यावर आपल्या गंगापुरात येऊन राहिल्या होत्या, हे ओझरच्या मुलीला माहीत असायला हवं. धरणावर सहलीला जाल तेव्हा बाईंना विचारा.

प्रश्न नव्हे, फटका : "'सोंगाड्या' दादा कोंडक्यांनी दिग्दर्शित केला असं आपण लिहिलंत. साफ चूक."
(एक आजोबा, पंचवटी)

आजोबा, कान पकडतो. 'सोंगाड्या' (१९७१) मध्ये दादा नट आणि निर्माते होते. दिग्दर्शन गोविंद कुलकर्ण्यांचं. दादा दिग्दर्शक झाले ते चार वर्षांनी, वर सांगितलेल्या 'पांडू हवालदार'मध्ये. लोकांच्या तोंडी दादांचे सगळेच पिक्चर दादांचे असतात, त्या ओघात मीही गेलो. ज्याने टायटल रोज चार वेळा पडद्यावर टाकलं, त्यानेच ते वाचलं नव्हतं.

प्रश्न : कॉलेजच्या एकांकिकेत काम करतो. मला सिनेमा दिग्दर्शक व्हायचं आहे. आधी नट म्हणून नाव करावं का?
(द्वितीय वर्ष, गंगापूर रोड)

अरे, नाव कर असं मी म्हणून ते होणार आहे का? व्ही. शांताराम कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या कंपनीत पडेल ते काम करत होते. १९२१ च्या 'सुरेखा हरण'मध्ये कृष्ण झाले, १९२५ च्या 'सावकारी पाश'मध्ये तरुण शेतकरी, १९२७ मध्ये 'नेताजी पालकर' दिग्दर्शित केला आणि १९२९ मध्ये 'प्रभात' उभी केली. नट म्हणून गाजले आणि मग दिग्दर्शक झाले, असा त्यात क्रम नाहीच. कंपनीत झाडण्यापासून सगळं केलं आणि त्यात नटाचंही केलं, एवढंच. आणि अभिनय पुढे सोडलाही नाही: 'दो आँखें बारह हाथ'मध्ये (१९५७) दिग्दर्शक असूनही बैलाशी झुंज स्वतः घेतली आणि डोळ्याला जबर दुखापत करून घेतली. हे मात्र करू नकोस.

आपल्या गावचं उदाहरण हवं तर दादासाहेब फाळक्यांच्या पदरच्या अण्णा साळुंक्यांचं घे. हॉटेलातला स्वयंपाकी, फाळक्यांनी उचलून 'राजा हरिश्चंद्र'मध्ये (१९१३) तारामती केला, कारण तारामतीला बाई मिळेना. 'लंका दहन'मध्ये (१९१७) तोच राम आणि तोच सीता. आणि पुढे हाच माणूस कॅमेरामन झाला! कॅमेऱ्यासमोर उभं राहता राहता त्याने कॅमेरा बघून ठेवला असणार. तू काय बघून ठेवतोस? राज्य नाट्य स्पर्धा लागल्या की परशुराम साईखेडकर नाट्यगृहात जा, आणि प्रेक्षकात बसू नकोस. विंगेत उभं राहायला मिळतं का विचार. प्रॉम्प्टिंग कर, लाइटवाल्याच्या शेजारी बस. आपलं वाक्य नसताना स्टेजवर काय चालतं, ते नटाला क्वचितच दिसतं. तुला तेच बघायचं आहे.

आणि फाळक्यांचा 'कालिया मर्दन' (१९१९) मोबाइलवर काढून बघ, बराचसा शिल्लक आहे. कंपनी नाशकातली, कृष्ण झाली आहे फाळक्यांची स्वतःची मुलगी, मंदाकिनी, सहा-सात वर्षांची. सुरुवातीला ती मुलगी नुसता चेहरा दाखवते. राग, हसू, भीती, एकेक करून. मग त्याच चेहऱ्यावर मुकुट चढतो आणि ती कृष्ण होते. फाळक्यांनी आधी नट दाखवला, मग भूमिका. ती पहिली दोन-तीन मिनिटं दहादा बघ, आणि कुठल्या क्षणी ती तुला कृष्ण वाटायला लागली ते मला पत्राने कळव. मी माझा क्षण लिहून ठेवला आहे. ताडून बघू.